परराज्यातलं खासगी विद्यापीठ, सरकारची नोटीस आणि कोर्टात केस: मुलीचा प्रवेश घ्यावा का?

झाडीपट्टी (प्रश्न)

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यात आमगावला राहते. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, तिला बी.एस्सी. कॉम्प्युटर करायचंय. आमच्या इथे बसस्टँडजवळ एक ॲडमिशन सेंटर आहे. तिथले सर सांगतात की ते बाहेरच्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं अधिकृत स्टडी सेंटर आहे. रोज कॉलेजला जायला नको, परीक्षासुद्धा इथेच होईल, फी हप्त्याने भरा. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलंय, ‘यूजीसी मान्यताप्राप्त’.

मी अर्ज भरणारच होते, पण पेपरात बातमी वाचली की त्या विद्यापीठाला तिथल्या राज्य सरकारने नोटीस दिली आहे. वाटलेल्या पदव्यांचा हिशोब मागितलाय आणि पदव्या देण्याचा अधिकार का काढून घेऊ नये, असं विचारलंय. विद्यापीठ हायकोर्टात गेलं आहे. सेंटरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, “केस काय, सगळ्यांवरच असते. स्टे मिळून जाईल. आणि कोर्ट पोरांचं नुकसान कधीच होऊ देत नाही.”

हे वाक्य आमच्या घरात आधी एकदा ऐकलेलं आहे. माझ्या धाकट्या दिरांनी २००३ मध्ये रायपूरच्या अशाच एका खासगी विद्यापीठात बी.बी.ए.ला नाव घातलं होतं. ऑफिस एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या माळ्यावर, खाली कपड्याचं दुकान. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि त्या माळ्याला कुलूप लागलं. सासऱ्यांनी धान विकून फी भरली होती. दीर पुढे शिकलेच नाहीत, आता राइस मिलमध्ये हिशोब लिहितात.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पदवी द्यायचा अधिकार नक्की कोण देतं, दिल्ली की राज्य? आणि कोर्ट खरंच पोरांना वाचवतं का?

उपअभियंता

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या खात्यात पाहिलंय. डिप्लोमावर लागलेल्या काही जणांनी नोकरी सांभाळून परराज्यातल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठातून पत्राद्वारे बी.ई. केलं होतं. त्यावर बढत्याही झाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि सगळे हादरले. एका सहकाऱ्याची बढती गेली, वर घरी तोंड दाखवायची लाज. माणूस हुशार होता आणि अभ्यास मन लावून केला होता. कायद्याचं मला जास्त कळत नाही, पण ‘कोर्ट नुकसान होऊ देत नाही’ यावर पैसे लावू नका.

जुनीफाईल

ताई, मी एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात नोकरी केली. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या मुलाची पदवी किंवा मार्कशीट आमच्याकडे चालते की नाही, हे तपासायचं ते टेबल. २००५ साली रायपूरच्या मार्कशीटा घेऊन येणारे बाप मी त्या टेबलापलीकडे बसलेले पाहिले आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा पहिला प्रश्न. पदवी द्यायचा अधिकार कायद्यातून येतो, दुसरीकडून कुठूनच नाही. इमारत, नाव, रँकिंग, परदेशी करार, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, यातलं काहीही तो अधिकार देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, कायदा १९५६ चा आहे. त्याचं कलम २२ सांगतं की पदवी तीनच प्रकारच्या संस्था देऊ शकतात: संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली केंद्राने जाहीर केलेलं अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास कायदा करून पदवीचा अधिकार दिलेली संस्था. कलम २३ नुसार बाकी कोणी आपल्या नावात विद्यापीठ हा शब्दही लावायचा नाही.

हा नियम किती कडक आहे बघा. अहमदाबाद, कलकत्ता, बंगळूरची आयआयएम म्हणजे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या व्यवस्थापन संस्था. पण त्या सोसायटी म्हणून नोंदलेल्या होत्या, त्यांच्यासाठी कायदा नव्हता. म्हणून त्यांनी कित्येक दशकं पदवी दिली नाही, डिप्लोमाच दिला. २०१७ मध्ये संसदेने आयआयएमचा कायदा केला, तेव्हा कुठे त्यांना एम.बी.ए. देता आलं. आयआयएमला जे नाकारलं गेलं, ते दुसऱ्या माळ्यावरच्या ऑफिसला कसं मिळेल?

आता रायपूर. तुमच्या घराने ते सोसलंय, तरी आतली गोष्ट बहुतेकांना माहीत नसते.

छत्तीसगड राज्य नोव्हेंबर २००० मध्ये झालं. २००२ मध्ये तिथे खासगी विद्यापीठांचा कायदा आला. त्यात अशी सोय होती की संस्थेने प्रकल्प अहवाल द्यायचा आणि सरकारने राजपत्रात अधिसूचना काढायची, की झालं विद्यापीठ. जागा, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षक हे आधी उभं असायला हवं अशी अटच नव्हती. बघता बघता ११२ विद्यापीठं झाली. नुकत्याच जन्मलेल्या एका राज्यात ११२! बऱ्याच जणांना स्वतःची इमारत नव्हती आणि ती देशभर केंद्रं उघडत सुटली होती. गोंदिया, भंडारा, नागपूर तर दाराशीच.

या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले ते प्रा. यशपाल. मोठे शास्त्रज्ञ, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वाढलेले आणि आयोगाचे माजी अध्यक्ष. निकाल ११ फेब्रुवारी २००५ ला लागला. न्यायालयाने त्या कायद्याची कलम ५ आणि ६ घटनाबाह्य ठरवली, आणि त्याखाली जन्मलेली सगळी विद्यापीठं त्या दिवशी संपली.

राज्य सरकारचं म्हणणं असं की विद्यापीठ स्थापन करणं हा घटनेच्या राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या यादीतला, विषय आहे, नोंद ३२, त्यात केंद्राने पडू नये. ते खोटं नव्हतं. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि त्यात समन्वय राखणं ही केंद्रसूचीतली नोंद ६६ आहे. न्यायालयाने म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की राज्याला विद्यापीठ स्थापन करता येतं, पण कागदावर विद्यापीठ उभं करून केंद्राचा दर्जा राखण्याचा अधिकारच पोकळ करता येत नाही. म्हणून ‘दिल्ली की राज्य’ याचं उत्तर असं आहे: जन्म राज्य देऊ शकतं, दर्जाची लगाम दिल्लीच्या हातात. भांडणं होतात ती या दोन्हींच्या सांध्यावर, आणि मुलं सापडतात तीही तिथेच.

आता तुमच्या प्रकरणात थेट लागू होणारा भाग. त्या कायद्यात विद्यापीठाला राज्याबाहेर केंद्र उघडायची मुभा होती. न्यायालयाने तीही अवैध ठरवली. कारण साधं आहे: छत्तीसगडच्या विधानसभेचा कायदा छत्तीसगडच्या हद्दीत चालतो, आमगावात चालत नाही. खासगी विद्यापीठांसाठी आयोगाचे २००३ चे नियम आहेत, तेही याच दिशेचे. म्हणजे तुमच्या त्या विद्यापीठाचा सरकारशी वाद नसता, ते अगदी नामांकित असतं, तरीसुद्धा बसस्टँडजवळचं ते स्टडी सेंटर संशयास्पदच राहिलं असतं. कोर्टात काय होतं याची वाट बघायची गरजच नाही.

कोर्ट मुलांना वाचवतं का? २००५ मध्ये काही अंशी वाचवलं. जे विद्यार्थी खरोखर शिकत होते त्यांच्या हितासाठी, त्यांच्या संस्था छत्तीसगडमधल्या आधीच्या सरकारी विद्यापीठांना संलग्न करून घेण्याची व्यवस्था राज्याने करावी, असा निर्देश निकालातच आहे. पण संलग्न करायला संस्था तर हवी! जिथे वर्ग होते, शिक्षक होते, तिथल्या मुलांना दार उघडं होतं. जिथे फक्त टेबल, खुर्ची आणि पावतीपुस्तक होतं, तिथे संलग्न काय करणार? तुमच्या दिरांसारखी मुलं तिथेच सुटून गेली. आमच्या टेबलावर येणाऱ्यांना मी हेच विचारायचो, वर्ग कुठे भरायचे, शिकवायचं कोण? कित्येकांना सांगता यायचं नाही. मला त्या मुलांचा राग कधी आला नाही. राग आला तो राजपत्रावर सही करणाऱ्यांचा. सरकारी शिक्का पाहून लोकांनी पैसे भरले होते, आणि निकालानंतर तो शिक्का मारणाऱ्यांपैकी कोणी त्या बापांसमोर येऊन बसलं नाही.

उपअभियंता म्हणतात तो निकाल ३ नोव्हेंबर २०१७ चा, ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या बढतीच्या वादातून आलेला. खंडपीठात न्या. आदर्शकुमार गोयल आणि आपले न्या. उदय लळित. चार अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, परवानगी न घेता दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि एआयसीटीईच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला दोनच संधी दिल्या. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द, फी परत करा. जानेवारी २०१८ मध्ये पहिल्या गटाला परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थोडा दिलासा मिळाला, दुसऱ्या गटाला नाही. त्याच निकालामुळे अभिमत संस्थांच्या नावातलं ‘युनिव्हर्सिटी’ गेलं. आयोगाने १२३ संस्थांना पत्र पाठवलं. पुण्यातल्या सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठाच्या नावापुढे कंसात ‘अभिमत’ लागलं ते तेव्हापासून. त्यांच्या पदव्यांना काही झालं नाही, फक्त नाव खरं झालं.

यात बारावी झालेल्या मुलीच्या आईने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निकाल २०१७ मध्ये लागला, प्रवेश २००१ चे होते. सोळा वर्षांत माणसाची नोकरी, लग्न, बढती, घराचं कर्ज सगळं होऊन जातं. विद्यापीठाकडे वकील असतात, सरकारकडे महाधिवक्ता असतो, आणि अशा खटल्यात विद्यार्थी बहुधा पक्षकारसुद्धा नसतो. स्टे मिळाला म्हणजे विद्यापीठाला प्रवेश घेत राहायची मोकळीक मिळाली, इतकंच. शेवटी पदवी टिकेल याची हमी त्यात नसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भांडण मिटेपर्यंत तिथे पाऊल टाकू नका, आणि मिटलं तरी स्टडी सेंटरमधून तर नाहीच.

इतिहासवेडी

काका, माहितीबद्दल आभार, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. सरकारने अधिकार दिला म्हणजे शिक्षण चांगलं आणि नाही दिला म्हणजे फसवणूक, असं समीकरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात बसत नाही.

महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. सरकारी मान्यता नव्हती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तरी मान्यता नाहीच. कायदा झाला तो १९४९ मध्ये, स्वातंत्र्यानंतर. तीन दशकांहून जास्त काळ मुली तिथे मराठी, गुजराती माध्यमातून शिकल्या, ‘गृहीतागमा’ (तिथल्या पदवीचं नाव) झाल्या. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चं, असहकाराच्या चळवळीतलं. त्यांना तर इंग्रज सरकारची मान्यता नकोच होती. १९८७ मध्ये ते अभिमत झालं. सरकारच्या परवानगीची वाट बघत बसलो असतो तर आपल्या पणज्या शिकल्या नसत्या. आजही एखादं सरकार नावडत्या विद्यापीठाचा गळा याच अधिकाराने आवळू शकतं. प्रत्येक वादात सरकारच बरोबर, असं कसं धरायचं?

जुनीफाईल

तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. सरकार दरवेळी बरोबर असतं असं मी म्हणत नाही. छत्तीसगडमध्ये तर चूक सरकारचीच होती.

पण अण्णासाहेब कर्व्यांनी जे केलं त्यात आणि या सेंटरवाल्यांत फरक आहे तो प्रामाणिकपणाचा. त्यांनी आपल्या पदवीला स्वतःचं नाव दिलं. ती मुंबई विद्यापीठाची बी.ए. आहे असं सांगून कोणाला विकली नाही. तिथे येणाऱ्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना माहीत असायचं की या पदवीवर सरकारी नोकरीचा दरवाजा उघडेल असं नाही. शिवाय तिथे वर्ग होते, शिकवणाऱ्या बाया-माणसं होती, ज्ञान मिळत होतं. मान्यतेसाठी ती मंडळी झटत राहिली आणि शेवटी ती कायद्यानेच घेतली. आज कोणी ‘आमची पदवी सरकार मानत नाही, पण शिकवू जीव तोडून’ असं पत्रकावर छापून संस्था काढली आणि पदवीऐवजी प्रमाणपत्र दिलं, तर मी स्वतः नातवाला घेऊन बघायला जाईन.

सरकार या अधिकाराचा गळफास करू शकतं, ही तुमची भीती रास्त आहे. तरी मला विचाराल तर आजचा धोका उलट बाजूला जास्त दिसतो. कलम २२ किंवा २३ मोडलं तर कलम २४ खाली शिक्षा काय, माहीत आहे? दंड, जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५६ साली ही रक्कम मोठी असेल. आज एका विद्यार्थ्याच्या अर्जाची फी तेवढी असते. जो कायदा हजार रुपयांत मोडता येतो त्याला कोण भिणार? आयोग बोगस विद्यापीठांची यादी काढतो, त्यात महाराष्ट्रातलंही नाव येत राहतं, आणि लोक तरी फसतात. हा दंड अजून तसाच आहे याचा मला मनापासून संताप येतो.

झाडीपट्टी

काका, ताई, उपअभियंता दादा, सगळ्यांचे आभार. आज सेंटरवर जाऊन आले. आमगावात केंद्र चालवायची यूजीसीची परवानगी दाखवा म्हटलं. त्यांनी विद्यापीठाच्या कायद्याची झेरॉक्स आणि कसलं तरी आयएसओ प्रमाणपत्र दाखवलं. परवानगीचं पत्र ‘हेड ऑफिसला’ आहे म्हणे. मुलगी सोबत होती, तिनेच विचारलं, सर, प्रॅक्टिकल कुठे होतील? ते म्हणाले, त्याची काळजी नको, मार्क मिळून जातात. बाहेर येऊन ती म्हणाली, आई, इथे नको.

पण मी मागच्या आठवड्यात नाव नोंदवायला पाच हजार आणि तिची मूळ टीसी, मार्कशीट देऊन बसले आहे. ते म्हणतात कागद हेड ऑफिसला गेले. आणि एक, गोंदियाच्या कॉलेजात जागा नाही मिळाली तर घरून शिकायचा खरा मार्ग कोणता?

जुनीफाईल

मुलगी शहाणी आहे. प्रॅक्टिकलचा प्रश्न तिने विचारला, तो मी वर लिहायला हवा होता.

कागद आधी. मूळ प्रमाणपत्रं कोणत्याही संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे: मूळ कागद विद्यार्थ्यासमोर तपासायचे, साक्षांकित प्रती ठेवायच्या आणि मूळ लगेच परत द्यायचे. उद्याच लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, एकीवर त्यांची सही-शिक्का घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा. आठ दिवसांत कागद हातात आले नाहीत तर पोलीस ठाण्यात तक्रार करा आणि आयोगाच्या तक्रार पोर्टलवरही टाका. पाच हजारांची पावती असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. पावती नसली तरी फोन पे किंवा बँकेची नोंद पुरावा म्हणून चालते. आधी कागद सोडवा, पैशांचं नंतर. दोन्ही एकत्र मागितलं की ते एकासाठी दुसरं अडवतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

घरून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, राज्याच्या १९८९ च्या कायद्याने झालेलं, आणि दिल्लीचं इग्नू आहे, संसदेच्या १९८५ च्या कायद्याचं. तरीही नुसतं विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची परवानगी लागते आणि ती विद्यापीठाला सरसकट नसते, अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार असते. आयोगाच्या संकेतस्थळावर यंदाच्या सत्राची यादी उघडा आणि तिला हवा तोच अभ्यासक्रम त्यात आहे का, ते ओळ न् ओळ वाचा. कॉम्प्युटरची पदवी असेल तर जवळचं अभ्यासकेंद्र कुठे आणि लॅबचे तास किती, हेही विचारा. तिलाच विचारू द्या.

दीर अजून पदवी घेऊ इच्छित असतील तर त्यांचाही अर्ज सोबतच भरा. रायपूरच्या त्या मार्कशीटा जोडू नका. बारावीच्या निकालावर नव्याने पहिल्या वर्षापासून सुरुवात करता येते, त्याला वयाची अट नाही.

उपअभियंता

ताई, आमच्या त्या सहकाऱ्याने नंतर रीतसर पार्ट टाइम बी.ई. केलं, संध्याकाळच्या कॉलेजात, पन्नाशीला टेकला असताना. दिरांना सांगा, माझ्याशी इथेच मेसेजवर बोलू शकतात, त्याचा अनुभव मी विचारून कळवतो.